चोरी करा, पण पॉलिसी वाचून

माननीय चोरमहाशय,



रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याला पोह्यांच्या टपरीबाहेर टेकवलेल्या सायकलींवर आपली कृपादृष्टी असते, हे आम्ही सगळेच जाणून आहोत. हँडलवरचा जीपीएस कॉम्प्युटर पाव फेरा फिरवला की अलगद हातात येतो. मागचा रडारवाला दिवाही तसाच. आवाज नाही, ओरखडा नाही. आपलं हे हस्तकौशल्य वादातीत आहे. विम्याच्या हिशेबात मात्र ते कुचकामी आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम 303 तसं साधं आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलवली की झाली चोरी. मोडतोडीची अट कायद्याने घातलेली नाही. ती विमा कंपन्यांनी घातली. बऱ्याच पॉलिसींमध्ये बळ वापरल्याच्या खुणा दिसल्याशिवाय चोरीला चोरी म्हणत नाहीत. त्यात वस्तू 'देखरेखीविना' असली तर बोलणंच खुंटलं, आणि पोहे खाणारा माणूस पोह्यांकडेच बघणार! काही पॉलिसींत तर दिवा-कॉम्प्युटर एकटे गेले तर भरपाई नाही, सायकलीसकट गेले पाहिजेत. म्हणून हात जोडून विनंती, नुसता कॉम्प्युटर नेऊन आमचं नुकसान करू नका. सायकलच न्या. कुलूप कापा आणि तुकडे तिथेच, फोटोत नीट येतील असे टाका. आणि जरा लवकर या, घसारा आपली वाट बघत थांबत नाही.

घरी येण्याचा विचार असेल तर मुहूर्त बघावा लागेल. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मिळते. तिच्यात चोरीलाही संरक्षण आहे. फक्त आधी आग, पूर, भूकंप असं विम्यात बसणारं काही घडलं पाहिजे आणि त्यामुळे झालेली चोरी सात दिवसांच्या आत उरकली पाहिजे. जुलै 2024 मध्ये मुठेचं पाणी पुण्यातल्या एकतानगरीत शिरलं, तसं काही झालं तरच आपला नंबर. आठव्या दिवशी आलात तर ती चोरी फक्त आपल्या-माझ्यातली.

हप्ता मी इमानेइतबारे भरतो. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला. म्हणजे माझ्या हृदयाला करमाफी आहे, त्याचे ठोके मोजणाऱ्या पट्ट्याला नाही.

आता कामाचं. दाव्यासोबत एफआयआर लागतो आणि बहुतेकदा पोलिसांचा 'तपास लागला नाही' असा अंतिम अहवालही. आमच्या मित्रमंडळींनी हौसेने एकमेकांच्या सायकलींत ट्रॅकर दडवले आहेत. तो आपला पत्ता सांगणार, आपण सापडणार, माझी सायकल मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात ऊनपाऊस खात पडणार आणि दावा लटकणार. त्यापेक्षा ट्रॅकर जागच्या जागी काढून टाकलेला बरा. माझ्या सायकलीत तो बाटलीच्या स्टँडखाली आहे. चार मिलिमीटरची ॲलन की सोबत आणावी.

आपला,
एक विमाधारक