ओरिजिनल रंगाचे गृहस्थ

सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या काठाने राहणाऱ्या मराठी माणसाची मोटार भर पावसात रस्त्यावर भिजत असेल, तर गॅरेजमध्ये तिला जागा उरलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. कुणाच्या गॅरेजमध्ये तांदळाची पोती असतात, कुणाच्या गणपतीचं मखर. या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये जुन्या माउंटन बाइक आहेत. काही भिंतीला टांगलेल्या, काही छताला लटकवलेल्या, काही सुट्या होऊन खोक्यांत गेलेल्या. आपण कौतुकाने एखादीच्या हँडलला हात लावायला जावं, तर मागून आरोळी येते, "अहो, ग्रिप ओरिजिनल आहेत!" म्हणजे पस्तीसेक वर्षांचं रबर. उन्हाळ्यात ते बोटाला चिकटतं. पण ते बदललं तर भाव उतरतो, आणि हात धुता येतात.

गृहस्थ स्वभावाने सज्जन. मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडतात, विमानतळावरून कुणाच्याही आईवडिलांना आणतात. फक्त चहा येईपर्यंत त्यांच्यासोबत एकटं सापडू नये. सापडलात की ते तुम्हाला मरीन काउंटीत घेऊन जातात. गोल्डन गेट पूल ओलांडला की तास-अर्ध्या तासावर फेअरफॅक्स गाव, वर माउंट टॅमलपायस. तिथल्या पोरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेच्या श्विन सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरउतारावरून सोडून दिल्या. 21 ऑक्टोबर 1976 ला पहिली शर्यत झाली. उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक उतरणीवर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर चाक उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. शर्यतीचं नावच त्यावरून पडलं, रिपॅक. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच जो ब्रीझने खास या कामासाठी पहिली फ्रेम जोडली. ती आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 1979 मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेम घेऊन कंपनी काढली, आणि 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर आली. जपानात बनलेली, दुकानातून थेट घेता येणारी, साडेसातशे डॉलरची. हे सगळं ते अशा आवाजात सांगतात की रिपॅकच्या पहिल्या वळणावर घड्याळ घेऊन हेच उभे होते, असं वाटावं.

इतिहास संपला की भाव सुरू होतो, आणि या भागात त्यांचा आवाज एकदम खाली येतो. पहिला नियम, रंग मूळचा हवा. ओरखडे चालतील, पोचे कमी असावेत, पण नवा रंग मारलेली फ्रेम त्यांच्या लेखी संपली. क्लाइन कंपनीच्या फ्रेमवर एका रंगातून दुसरा रंग उमलावा तसं काम असायचं, आणि निम्मी किंमत त्या रंगाचीच आहे, असं ते म्हणतात. दुसरा नियम, सुटे भाग त्याच सालचे हवेत. 1992 च्या सायकलला 1994 चा गिअर बसवलेला दिसला की त्यांच्या कपाळावर आठी येते. तिसरा नियम, जांभळा रंग उन्हात ठेवू नये. नव्वदच्या सुरुवातीला ब्रेकच्या लिव्हरपासून बारक्या बोल्टपर्यंत सगळं जांभळं करायची लाट आली होती, आणि तो जांभळा ऊन लागलं की विटतो. म्हणून गॅरेजच्या खिडकीला जाड पडदा आहे. त्यांच्या झोपायच्या खोलीला नाही.

आणि सर्वांत मोठा नियम, चालवू नये. दगडधोंड्यांवर आपटायला जन्माला घातलेली ही वस्तू जितकी कमी आपटली असेल तितकी महाग. जिला कधी चिखलच लागला नाही ती सगळ्यांत मोलाची. शिवाय चालवायची म्हटली तरी सोपं नाही. त्या काळच्या पुढच्या चिमट्यात दणके झेलायला रबराच्या गोळ्या असत. त्या आता दगड झाल्या आहेत, नाहीतर गुळाचा पाक. गृहस्थ रोजच्या फिरण्यासाठी एक नवीकोरी सायकल वापरतात. तिच्याबद्दल ते कधीही बोलत नाहीत.

वहिनी हिशेबतपासनीस आहेत, म्हणून "गुंतवणूक" हा शब्द त्या घरात जपून वापरावा लागतो. एकदा त्यांनी शांतपणे हिशेब मांडला. या भागात घराचा चौरस फूट काय भावाने पडतो, गॅरेज किती फुटांचं, त्यातली सायकलींनी किती अडवली. उत्तर असं निघालं की सायकली ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती जमीन सायकलींपेक्षा महाग आहे. "मग एखादी विका की," वहिनी म्हणाल्या. "सध्या मार्केट बरोबर नाहीये," गृहस्थ म्हणाले. मार्केट बरोबर असतं तेव्हा ते म्हणतात, अजून चढेल.

त्यांच्याकडे याचं शास्त्र आहे, आणि खरं सांगायचं तर ते चुकीचं नाही. 1990 मध्ये कोलोराडोतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची जागतिक स्पर्धा झाली. जॉन टोमॅक यती सायकलला रेसिंगचं खाली वळलेलं हँडल लावून उतरला. त्याची चित्रं भिंतीवर चिकटवणारी पोरं तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि त्यांच्या खिशात पैसे नव्हते. आता पैसे आहेत, गुडघे नाहीत. म्हणून भाव. ही पोरं म्हातारी झाली की पुढच्यांना सव्वीस इंची चाकांचं काय कौतुक? त्यांना एकोणतीस इंची चाकं आणि डिस्क ब्रेक हवेत. हे गृहस्थांना पक्कं ठाऊक आहे, आणि इतर संग्राहकांना ते कळकळीने सांगतातही.

गंमत म्हणजे ड्युरँगोत टोमॅक उतरत होता तेव्हा हे सांगलीत वडिलांच्या ॲटलसच्या कॅरिअरला दळणाचा डबा बांधून गिरणीकडे निघालेले. टोमॅकचं नाव त्यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी ऐकलं. दुसऱ्याच्या लहानपणाने व्याकूळ होणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ती ॲटलस पुढे भंगारवाल्याने किलोवर नेली. तिचा रंग ओरिजिनल होता का, असं मी एकदा विचारलं, तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हो. आणि मडगार्डसुद्धा."

गेल्या वर्षी वहिनींच्या आकडेमोडीने खचून त्यांनी एकदाची एक सायकल विकायला काढली. भाव असा लावला की कुणी येऊ नये. तरी एक मुलगा आला. गृहस्थांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि मुलीकडच्यांनी स्थळाची चौकशी करावी तशी सुरुवात केली. कुठे ठेवणार? छप्पर आहे का? ऊन येतं? मुलगा भाबडा होता. म्हणाला, स्टेशनपर्यंत रोज नेईन, पुढे टोपली लावीन. पुढच्या दोन मिनिटांत त्याला फाटकापर्यंत पोचवण्यात आलं.

दुसरा आला तो अस्सल होता. पन्नाशीचा, टॉर्च घेऊन आलेला. त्याने सायकल उलटी केली, पायडलच्या एक्सलखाली कोरलेला नंबर वाचला, वेल्डिंगवरून नख फिरवलं आणि चेहरा न बदलता म्हणाला, "सीटपोस्ट या सालचा नाही." गॅरेजमध्ये शांतता पसरली. गृहस्थांनी चष्मा लावला, वाकले, बघितलं. खरंच नव्हता. मागितलेल्या भावाच्या निम्मे पैसे पाहुण्याने देऊ केले. त्याच्या मोटारीत मागे एक खोकं होतं आणि त्या खोक्यात, योगायोग पाहा, बरोबर त्या सालचा सीटपोस्ट होता.

माणूस सायकल घ्यायला आला होता, तो नव्वद डॉलर घेऊन गेला.