परदेशी हॉटेलात निवासी चित्रकार: नाहूरच्या इच्छुकांसाठी सूचना

योजनेचं स्वरूप: परदेशातल्या एखाद्या बऱ्या हॉटेलानं चित्रकाराला खोली आणि जेवण द्यायचं. त्या बदल्यात चित्रकारानं स्केचबुक घेऊन लॉबीत बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना रेखाटायचं. इंग्रजीत याला भारदस्त नाव असल्यामुळे योजना लोकप्रिय आहे. इच्छुकांनी खालील सूचना क्रमानं वाचाव्यात.

१. पात्रता

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची प्रमाणपत्रं माळ्यावर असतील तर तिथेच राहू द्यावीत. इंटरमिजिएटची ‘ए’ ग्रेड म्हणजे काय, हे परदेशी मॅनेजरला समजावण्यात मुलाखत संपते. जे. जे. स्कूल १८५७ सालचं आहे हेही सांगू नये. तो हॉटेलाच्या वयाचा विषय काढेल. त्याला पाहायची असतात ती चित्रं, आणि तीही माणसांची. फुलदाणी त्याच्याकडे आहे.

२. घरी व सोसायटीत कळवणे

हे काम निघण्याच्या आदल्या आठवड्यात करावं. आधी केल्यास पुढील संवाद रोज होतो:

“हॉटेलात चाललाय? हॉटेल मॅनेजमेंट कधी केलंस?”

“नाही काकू, चित्रं काढायला.”

“मग राहणार कुठे?”

“हॉटेलातच. पैसे घेत नाहीत ते.”

“घेत नाहीत ते कळलं रे. देतात का?”

हा शेवटचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. सहाव्या सूचनेत तो लागेल.

३. सराव

या बाबतीत नाहूरकर भाग्यवान आहेत. भांडुप आणि मुलुंडच्या मधलं हे स्टेशन २००६ साली सुरू झालं आणि इथे फास्ट लोकल थांबत नाही. रहिवासी याला गैरसोय समजतात, चित्रकारानं शिष्यवृत्ती समजावी. प्लॅटफॉर्मवर उभं राहावं. समोरून फास्ट धडधडत जाते, तेवढ्यात दारात लटकलेली माणसं चार-सहा रेषांत पकडावीत. चेहरे येणार नाहीत, पण खांद्यांचा बाक आणि मनगटांचा ताण आला की पुरे.

मग स्लो पकडून चौथी सीट मिळवावी. चौथ्या सीटवर अर्धं शरीर हवेत असतं आणि कोपराला जागा नसते. अशा अवस्थेत ज्याला रेषा ओढता येते, त्याला लॉबीतला सोफा म्हणजे विश्रांती वाटते. समोरचा माणूस भांडुपला उतरेल, कांजूरमार्गला, की मेट्रोसाठी घाटकोपरला, हे आधी ताडावं आणि त्यानुसार नाकापासून सुरुवात करावी की चपलेपासून ते ठरवावं. समोरच्याच्या लक्षात आलं तर वही लपवू नये, पुढे करावी. नको म्हणाला तर पान उलटावं. हाच शिष्टाचार परदेशातही चालतो.

४. पूर्वसूरींचा अभ्यास

क्लोद मोने १८९९ ते १९०१ या काळात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात येऊन राहिला आणि खिडकीतून थेम्स रंगवत बसला. मात्र तो बिल भरणारा पाहुणा होता, म्हणून हा मार्ग नाहूरकरांनी वगळावा.

अनुकरणीय उदाहरण लुडविग बेमेलमन्सचं. ‘मॅडलिन’ची गोष्ट लिहिणाऱ्या या चित्रकारानं १९४७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कार्लाइल हॉटेलातल्या बारच्या भिंती रंगवल्या. मोबदला म्हणून तो सहकुटुंब दीड वर्ष तिथे राहिला. बारला आजही त्याचंच नाव आहे. दीड वर्ष सहकुटुंब, हा आकडा वाटाघाटीत सहज बोलता बोलता टाकावा.

शांघायच्या स्वॉच आर्ट पीस हॉटेलात २०११ पासून जगभरचे कलाकार राहून जातात आणि निघताना एक कलाकृती मागे ठेवतात. इथे अर्ज करावा लागतो. ओळखीचं कोणी आहे का, हे सोसायटीच्या ग्रुपवर विचारून उपयोग नाही.

आपल्याकडचा दाखला लोटलीच्या मारियो मिरांडाचा. गुलबेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर तो १९५९ साली लिस्बनला गेला, तिथून लंडनला जाऊन काही वर्षं राहिला. पण जाण्याआधी त्याच्या गाठीशी गोव्यातल्या माणसांनी गजबजलेल्या चित्रमय डायऱ्या होत्या. आपलं गाव काढून झालं होतं, म्हणून परकं गाव काढता आलं. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवर त्याची माणसं अजून गर्दी करून आहेत. जाण्याआधी एकदा पाहून यावीत. चहाचे पैसे स्वतः भरावेत.

५. सामान व व्हिसा

टर्पेंटाइन ज्वालाग्राही असल्यानं विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही. तैलरंगांचा मोह इथेच संपतो. पेन्सिल ब्लेडनं सोलायची सवय असेल तर ब्लेड मोठ्या बॅगेत टाकावं; हातातल्या बॅगेत सापडल्यास ‘आर्टिस्ट हूं’ हे उत्तर पुरत नाही. पेन्सिली आणि वड्यांचे जलरंग निर्धास्त न्यावेत. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेली कॅम्लिन आपल्याला रंगवत आली आहे; परदेशात तिची आठवण येते, विशेषतः तिथल्या खोडरबराची किंमत पाहिल्यावर.

व्हिसाच्या बाबतीत विनोद करू नये. शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो, आणि पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. खोलीच्या बदल्यात काढलेलं चित्र हेही काही देशांत कामच धरलं जातं. तेव्हा हॉटेलाकडून लेखी निमंत्रण घ्यावं आणि कोणता व्हिसा लागेल ते वकिलातीकडून खात्री करून घ्यावं. पासपोर्ट काढताना दहावीचं प्रमाणपत्र जोडावं, म्हणजे ‘ईसीआर’चा शेरा टळतो आणि आखाती देशांत कामाला जाताना वेगळ्या मंजुरीसाठी धावपळ होत नाही. दहावीच्या मार्कांचा कलेला झालेला हा पहिला आणि शेवटचा उपयोग.

६. लॉबीतलं वर्तन व करार

नाक जसं आहे तसं काढावं, पण पाहुणा जेवून आल्यावर. हनुवटी एकच काढावी. मराठी सहलीचा गट आला की पहिलं वाक्य “अय्या, तुम्ही मराठी?” आणि दुसरं “मग आमच्या अख्ख्या ग्रुपचं काढा ना!” असं असतं. कुठले विचारल्यावर नाहूर सांगावं. “म्हणजे मुलुंडच की,” असं उत्तर येईल. वाद घालू नये. पेन्सिल हातात असताना सूड दुसऱ्या मार्गानं घेता येतो.

आता काकूंचा प्रश्न. फुकट खोली म्हणजे मोबदला, बक्षीस नव्हे. दिवसाला दोन तास ठरलेले असतात. मग मॅनेजरच्या मुलीचा वाढदिवस येतो, मेन्यूकार्डाचं मुखपृष्ठ येतं, आणि एके दिवशी तुमचं रेखाटन हॉटेलाच्या दुकानात मगावर छापलेलं दिसतं. भारतीय कायद्यानुसार चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो, पण करारावर सही करून तो एका मिनिटात देऊनही टाकता येतो.

म्हणून सहीपूर्वी चार गोष्टी लेखी घ्याव्यात: रोज किती तास, मूळ चित्रं कोणाची, छपाईचा हक्क कोणाचा, आणि खोलीखेरीज रोख किती. चौथ्या प्रश्नावर समोरचा नुसता हसला, तर आपणही हसावं आणि सही करू नये.