पदवी राहू द्या, आधी खेळ दाखवा

परवा आमच्या गल्लीतले एक शेतकरी चकचकीत माहितीपत्रक घेऊन घरी आले. पोरगा बारावी झालाय आणि त्याला व्हिडिओ गेम बनवायला शिकायचंय. चार वर्षांची पदवी, बाहेरगावचं वसतिगृह, फी भरायला कर्ज. बँकेत चौकशी करूनच ते आले होते. प्रश्न एकच होता, "सर, ह्यात पोट भरंल का?"

मी माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत चाळलं. इमारत होती, संगणकांच्या रांगा होत्या, कानाला हेडफोन लावलेली हसरी मुलं होती. त्या मुलांनी बनवलेला गेम मात्र एकही नव्हता. नाव नाही, चित्र नाही, कुठं खेळायला मिळेल तेही नाही.

कारखान्याला ऊस घालताना आपण साखरेचा उतारा विचारतो. मागच्या हंगामाची बिलं वेळेत निघाली का विचारतो, काट्यावर नजर ठेवतो. पटलं नाही तर याच जयसिंगपुरात ऊस परिषदेला हजारोंनी मैदानात बसतो. मग पोराची चार वर्षं एखाद्या संस्थेत घालताना आपली जीभ का अडखळते? विचारा त्यांना, मागच्या तुकडीनं काय बनवलं? नाव सांगा, मोबाइलवर उतरवून घेतो, घरी खेळून बघतो. ज्या संस्थेला हा प्रश्न टोचेल, तिच्या दारातून माघारी फिरा.

आता पोटाचं. इथं गोड बोलून चालणार नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' नावाचा गेम बनवायला घेतला. २०१७ साली त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली, ती पुरी पडली नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. २०२० मध्ये गेम बाहेर आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी जगभरातल्या पाच गेममध्ये त्याचं नाव लागलं. त्याच वर्षी युबिसॉफ्ट या गेम कंपनीनं 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या एका गाजलेल्या भागाचं नवं रूप पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ घडवत असल्याचं जाहीर केलं. २०२२ मध्ये ते काम कंपनीच्या मॉन्ट्रियलमधल्या स्टुडिओकडं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये एकट्या मायक्रोसॉफ्टनं गेमच्या विभागातली १,९०० माणसं कमी केली. धंदा खरा आहे, हुन्नराला किंमत आहे आणि नोकरीची हमी कुणालाच नाही. माहितीपत्रकात 'शंभर टक्के नोकरी' छापलेलं दिसलं, की ते मिटून ठेवा.

आणखी एक भीती त्या बापाच्या मनात होती. 'गेम' म्हटलं की त्याला पैसे लावून खेळायची ॲप दिसत होती. भीती रास्त आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, आणि त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. ही सीमारेषा घराघरात समजली पाहिजे. जुगाराच्या ॲपला माणूस हरत राहायला हवा असतो. चांगला गेम बनवणाऱ्याला मात्र तो हरत हरत शिकायला हवा असतो.

आता पोराकडं वळतो. बाळा, रात्री दोनपर्यंत गेम खेळतोस, ही तुझी पात्रता नव्हे. गूळ आवडतो म्हणून कुणी गुळव्या होत नाही. काहिलीतला पाक नेमका कधी उतरवायचा, हे कळायला कित्येक काहिली उतरवाव्या लागतात. तू आजवर किती उतरवल्यास? गोदो नावाचं गेम इंजिन पूर्णपणे फुकट आहे. चित्रांना आणि त्रिमितीला ब्लेंडर आहे, तेही फुकट. अनरियल हे इंजिनसुद्धा शिकणाऱ्याकडून पैसे घेत नाही. घरात जुना संगणक असला तरी गोदोत एका पडद्याचा साधा गेम उभा राहतो. आणि संगणक नसला तर कागद, पेन्सिल, चार कवड्या पुरतात. पुष्कळ चांगल्या अभ्यासक्रमांत सुरुवातीचा गेम कागदावर करायला लावतात, कारण डाव कागदावर रंगला नाही तर पडद्यावर रंगणार नाही.

इथंच गेम शिकवणाऱ्या पुष्कळ वर्गांची चूक होते. ते सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात. पुढच्या आवृत्तीत बटण जागा बदलतं आणि शिकलेलं वाया जातं. गेम डिझाइन म्हणजे नियमांची रचना, आणि ती कशी असते हे बघायला आपल्या शाळेचं मैदान पुरेसं आहे.

खो-खो बघा. मधल्या पट्टीत आठ जण आलटून पालटून उलट तोंडांनी बसलेले, नववा पाठलागावर. पळणारा पट्टी ओलांडून हवा तिकडं जाऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याला ती मुभा नाही. एकदा धरलेली दिशा त्याला खांबापर्यंत बदलता येत नाही आणि पट्टीही ओलांडता येत नाही. पलीकडं जायचं तर खो देऊन दुसऱ्याला उठवावं लागतं. हे बंधन काढून टाका, पळणारा चार पावलांत बाद होईल आणि खेळ संपेल. एका बंधनामुळं नऊ जणांना एकमेकांची गरज पडते. गेमच्या स्टुडिओत ज्याला बॅलन्सिंग म्हणतात ते हेच. आता पटावरचा खेळ घ्या, मोक्षपट. त्याचं नातं आपली परंपरा ज्ञानेश्वरांशी सांगते. त्या पटावर शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा. उपदेश न करता, फक्त सोंगटी वर-खाली करून खेळणाऱ्याला काहीतरी कळतं. नियमातून बोलण्याची ही कला आपल्याकडं जुनी आहे.

आणि आपल्या शिरोळ तालुक्यातल्या पोराला नियम कुणी वेगळे शिकवायला नकोत. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर. उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की ३ रुपये ४६ पैसे जादा. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचं बंधन. हे सगळं त्याच्या घरात जेवताना बोललं जातं. आता यावर डाव रचा. रानात ऊस उभा आहे, तुरा आलाय, वजन घटतंय आणि तोडणीची टोळी येत नाही. खुशाली देऊन टोळी आणायची, की पाळीची वाट बघायची? थांबलात तर वजन जातं, दिलीत तर नफा जातो. किंवा २०१९ चा ऑगस्ट घ्या. नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढतंय, रस्ता तासाभरात बंद होणार आहे, घरात म्हातारी आई, दावणीला दोन म्हशी, कणगीत धान्य आणि एकच ट्रॅक्टर. आधी काय हलवायचं? हा प्रसंग जो जगलाय, त्यानं बनवलेला गेम मॉन्ट्रियलमधल्या कुठल्या स्टुडिओला सुचणार नाही. आपली मुलं गेम बनवायला बसली की पहिल्याच दिवशी बंदूक आणि झोंबी घेतात. अरे, तुमच्या दारात पाणी आलं होतं!

मग विद्यापीठ हवं कशाला? हवं, माणसांसाठी. गेम एकट्याचा नसतो. एक जण कोड लिहितो, एक चित्र काढतो, एक आवाज घडवतो, एक गोष्ट आणि नियम बांधतो. ही चार माणसं एका खोलीत आणणं, त्यांना वर्षभर भांडू देणं आणि तारखेला पूर्ण झालेला गेम मागणं, एवढं काम विद्यापीठाचं. ते काम जी संस्था करत नाही, ती फक्त फी घेते.

आपल्या परिसरात ही माणसं आहेत का? बघा मोजून. कोड लिहिणारी मुलं जयसिंगपूरच्या मगदूम अभियांत्रिकीत, इचलकरंजीच्या डीकेटीईत, सांगलीच्या वालचंदमध्ये आहेत. चित्रकार कोल्हापूरच्या कलानिकेतनमध्ये आणि दळवीजमध्ये आहेत. आवाजासाठी सतारी आणि तंबोरे घडवणारं मिरज रेल्वेनं काही मिनिटांवर आहे. सगळं जवळपास आहे आणि सगळं वेगवेगळ्या कुंपणांत आहे. अभियांत्रिकीच्या मुलानं चार वर्षांत एकदाही चित्रकाराबरोबर काम केलेलं नसतं. नव्या शैक्षणिक धोरणानं दुसऱ्या शाखेचे विषय घ्यायची वाट उघडली आहे, पण त्या वाटेवरून चालायला प्राचार्यांनी एकमेकांना फोन तरी करायला हवा.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलं. मुंबईत याच विषयाची राष्ट्रीय संस्थाही सुरू झाली आहे. चांगलं झालं. पण हा पैसा मुंबई-पुण्याच्या पलीकडं यावा म्हणून इथून कुणी मागणी केली का? ऊसदरासाठी आपण रस्त्यावर उतरतो. पोरांच्या प्रयोगशाळेसाठी एक निवेदनसुद्धा देत नाही. हे मला बोचतं.

'लहान गावात कुठं असलं होतं?' हे वाक्य आता पुरे. डंडी हे स्कॉटलंडमधलं तागाच्या गिरण्यांचं शहर. गिरण्या मंदावल्या. तिथल्या टायमेक्सच्या कारखान्यात सिंक्लेअरचे स्वस्त घरगुती संगणक जुळवले जात, ते घराघरात पोचले आणि पोरं त्यांवर गेम लिहू लागली. त्यांतल्या काहींनी डीएमए डिझाइन ही कंपनी काढली. १९९१ साली 'लेमिंग्ज' आणि १९९७ साली 'ग्रँड थेफ्ट ऑटो' तिथंच बनले. त्याच १९९७ मध्ये तिथल्या अ‍ॅबर्टे विद्यापीठानं संगणकीय खेळांची पदवी सुरू केली. क्रम ध्यानात घ्या. गेम आधी आले, पदवी मागून आली.

इतकं लांब जायलाही नको. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी देशी बनावटीचा कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. सिनेमा शिकवणारी संस्था तेव्हा देशात कुठं होती? त्या कंपनीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच 'प्रभात' काढली, पुढं ती पुण्याला गेली. १९६० मध्ये सरकारनं सिनेमाचं शिक्षण देणारी संस्था काढली, ती पुण्यातल्या त्याच प्रभातच्या जागेत. 'सैरंध्री'नंतर चाळीस वर्षांनी! ज्या मातीनं हे केलं, त्या मातीतल्या पोरांना 'तुम्हाला जमणार नाही' असं कुणी सांगू नये.

म्हणून मागणी साधी आहे. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं आखून वसवलेलं हे जयसिंगपूर. क्रमांकाच्या सरळ गल्ल्या, व्यापाराला मोकळी जागा, माणूस कुठून येईल आणि कुठं वळेल याचा आधी केलेला विचार. गेममधली उत्तम लेव्हल अशीच आखतात. या गावातल्या महाविद्यालयांनी वर्षातून एकदा, शनिवार-रविवार, प्रयोगशाळा उघडी ठेवावी. अठ्ठेचाळीस तासांत गेम पूर्ण करायचा. जगभर २००९ पासून दरवर्षी भरणारा ग्लोबल गेम जॅम याच बेतानं सुरू झाला. अभियांत्रिकीची, चित्रकलेची, संगीताची मुलं मिसळून चमू करावेत. विषय एकच द्यावा : पाणी, ऊस, किंवा बाजार. खर्च चहा-नाश्त्याचा आणि विजेचा. एवढं झालं तर कुठला पोरगा चार वर्षं टिकेल आणि कुठला दुसऱ्या रात्री कंटाळून घरी जाईल, हे कर्ज काढायच्या आधीच कळेल.

त्या बापाला मी हेच सांगितलं. कर्ज थांबवा, पोराला थांबवू नका. दोन महिने द्या. एक छोटा गेम पूर्ण करायला सांगा. सुरुवात असावी, शेवट असावा, मधे निदान एक निर्णय घ्यावा लागावा. झाला की पहिल्यांदा तुम्ही खेळायला बसा.

"मला कुठं येतंय ओ खेळायला?" ते म्हणाले.

म्हणूनच तुम्ही हवेत. तुम्ही अडकाल. भलतीकडं बोट लावाल, तोच चुकीचा रस्ता तीनदा धराल. पोराच्या तोंडावर उत्तर येईल, पण त्यानं एक शब्द बोलायचा नाही. वही घेऊन शेजारी बसायचं आणि बाप कुठं अडकतो ते लिहायचं. मग रात्री जागून गेम दुरुस्त करायचा आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला पुन्हा बसवायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी न विचारता तुम्ही शेवटपर्यंत पोचलात, तर बँकेत जा आणि सही करा.