माननीय त्रुटीबाईंस अनावृत पत्र

प्रति,
माननीय त्रुटीबाई,
मुक्काम : ज्या टेबलावर असाल तेथे.

विषय : निवृत्तीनंतरही साथ न सोडल्याबद्दल आभार मानण्याबाबत.
संदर्भ : आपलेच पत्र. जावक क्रमांक आहे, दिनांक वाचता येत नाही.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मी एका सार्वजनिक विद्यापीठातून वरिष्ठ लिपिक म्हणून नियत वयोमानानुसार निवृत्त झालो आणि राणीसावरगावी, माझ्या गावी, येऊन राहिलो. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, भाषणे सगळे यथासांग झाले. सगळे बोलले. आपण तेवढ्या गप्प होतात.

आपण बोललात ते पेन्शनचा प्रस्ताव गेल्यावर. ‘सन 1996 च्या वार्षिक वेतनवाढीच्या नोंदीवर सक्षम अधिकाऱ्याची स्वाक्षरी आढळून येत नाही.’ मी सेवापुस्तक उघडून पाहिले. नोंद आहे. वाढीची रक्कम आहे. गोल शिक्का आहे, त्याची जांभळी शाई कागदाच्या पाठीमागे उमटली आहे. शिक्क्याखाली बोटभर जागा मात्र कोरी. ते सक्षम अधिकारी वारले त्याला बरीच वर्षे झाली. विद्यमान अधिकाऱ्यांना विनंती केली, तर ते म्हणाले, ‘तेव्हा मी शाळेत होतो हो, माझी सही कशी चालेल?’ तेही खरेच. मग खुलासा गेला, खुलाशावर अभिप्राय मागवला गेला, अभिप्रायाला मूळ प्रत जोडली नव्हती म्हणून प्रस्ताव जसा गेला तसा परत आला. त्या वेतनवाढीचे पैसे मात्र मला तेव्हापासून दरमहा बिनबोभाट मिळत होते. आपल्याला ते खटकायला मी निवृत्तच व्हावे लागले.

नंतर आपण स्टुलाच्या रूपाने प्रकट झालात. डेडस्टॉक रजिस्टरात माझ्या नावावर एक लाकडी स्टूल निघाले. ना-देय प्रमाणपत्र अडले. ते स्टूल विभागातच होते, त्यावर झेरॉक्स मशीन ठेवलेले होते. पण स्टुलाचा क्रमांक मशीनखाली, आणि मशीन हलवायला स्वतंत्र परवानगी. अखेर एका शिपाईमामांनी खाली वाकून, मोबाईलच्या उजेडात तो क्रमांक वाचला. विद्यापीठातले माझ्याविषयीचे एवढे बारकाईचे संशोधन हे पहिले आणि शेवटचे.

आमच्याकडून पाठपुराव्याला निघायचे म्हणजे बालाघाटाचा डोंगर उतरून आधी गंगाखेड गाठायचे, तिथून पुढे. लिपिक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो आणि एसटीत अर्धे तिकीट लागते पासष्टीला. मधल्या सात वर्षांचे काय, हा प्रश्न शासनाने 2023 च्या मार्चमध्ये नकळत सोडवला. महिलांना निम्मे भाडे झाले. तेव्हापासून पाठपुराव्याला आमची मंडळी जाते. तिला आता आवक-जावक, टिप्पणी, ‘साहेब व्हीसीला बसलेत’ हे सगळे कळते. पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट आहे. तोवर आपले प्रेम असेच राहिले तर मी स्वतः येईन.

गावात पारावर विचारतात, ‘काय साहेब, सुटली का पेन्शन?’ मी म्हणतो, नागपूरला गेलीय. मराठवाड्याच्या पेन्शनची प्रकरणे नागपूरच्या महालेखापालांकडे जातात, म्हणून हे उत्तर खोटे नाही. रेणुकामातेला बोललेला नवस तेवढा थकला आहे. देवीने त्यावर अजून त्रुटी काढलेली नाही.

बाई, आपल्याला कायदा ठाऊक नाही असे मी कसे म्हणू? महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982 चे. निवृत्तीची कागदपत्रे तयार करायला निवृत्तीच्या दोन वर्षे आधी लागावे, असे तेच सांगतात. प्रकरण वेळेत निघत नसेल तर तात्पुरते निवृत्तिवेतन द्यावे, हीही सोय त्यात आहे. म्हणजे 1996 ची सही शोधायला कार्यालयाकडे दोन वर्षे होती. ती दोन वर्षे सेवापुस्तक कपाटात होते आणि कपाटाची किल्ली रजेवर होती.

याच 1982 च्या डिसेंबरात, 17 तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात सांगून टाकले की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे. पेन्शनर लोक हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. पुढे 18 डिसेंबर 2014 ला रफीक मसीह प्रकरणात त्याच न्यायालयाने तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतले कर्मचारी, निवृत्त झालेले आणि वर्षभरात निवृत्त होणारे यांच्याकडून जादा दिलेल्या रकमेची वसुली करू नये असे बजावले. डिसेंबर महिना आम्हाला लाभतो असे वाटू लागले, तोच 2018 चा डिसेंबर आला. विद्यापीठातल्या शिक्षकेतरांना लागू असलेल्या आश्वासित प्रगती योजनेचे, म्हणजे बढतीविना वर्षे काढणाऱ्याला वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेचे, दोन शासन निर्णय शासनानेच रद्द केले. कारण काय, तर वित्त विभागाची मान्यता घ्यायची राहून गेली होती. मान्यता घ्यायला विसरले कोण? मंत्रालय. मिळालेला फरक परत भरायचा कोणी? शिपायाने आणि लिपिकाने. आपले हे सर्वांत देखणे रूप, बाई. एकट्यादुकट्याच्या सेवापुस्तकात मावणार नाही एवढे.

मग 2023 च्या फेब्रुवारीत राज्यभरातल्या अकृषी विद्यापीठांचे शिक्षकेतर कर्मचारी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकून बसले आणि 20 तारखेपासून बेमुदत संपावर गेले. त्यांच्या मागणीपत्रात रद्द झालेले ते दोन शासन निर्णय ‘पुनर्जीवित’ करा असे शब्द होते. सातव्या वेतन आयोगातून सुटलेल्या 1410 पदांचा प्रश्न होता. जानेवारी 2016 पासून ऑक्टोबर 2020 पर्यंतच्या 58 महिन्यांचा थकलेला वेतनफरक होता. अठ्ठावन्न महिने! या काळात निवृत्त झालेल्यांचे पगार, उपदान, रजा रोखीकरण, अंशराशीकरण सगळेच जुन्या आकड्यावर बेतले गेले. प्राध्यापकांनाही आपण वगळले नाहीत. 2013 च्या परीक्षा बहिष्कारातले 71 दिवसांचे वेतन मिळवण्यासाठी त्यांना कोर्टाचे उंबरे झिजवावे लागले. वीजबिल दोन दिवस चुकले की पुढच्या बिलात आकार लागून येतो. आमचे थकले की मागणीपत्र, धरणे, संप, रिट.

एक अडचण आपल्या कानावर घालतो. दर नोव्हेंबरला पेन्शनर बँकेत हयातीचा दाखला देतात. मीही गेलो. बँकेतल्या पोरीने पीपीओ, म्हणजे पेन्शन आदेशाचा, नंबर विचारला. तो नाही म्हटल्यावर ती म्हणाली, ‘काका, मग दाखला लागत नाही तुम्हाला.’ म्हणजे मी हयात आहे हे शासनाला कळवायची सोयच उरलेली नाही. आपणच कळवावे.

आता मुद्द्याचे. उपदानाला विहित मुदतीपेक्षा उशीर झाला तर नियम 129-अ प्रमाणे आणि निवृत्तिवेतनाला झाला तर 129-ब प्रमाणे व्याज द्यावे लागते. ते सरकारी तिजोरीतून जाते, म्हणजे माझ्याही खिशातून. ज्यांच्या टेबलावर प्रस्ताव झोपला, त्यांच्या पगारातून सहसा एक रुपया जात नाही. जोवर जात नाही तोवर आपल्याला मरण नाही. आपण अमर आहात ते या एकाच फटीमुळे, आणि ती बुजवायला नवा आयोग नको, नवी समिती नको. व्याज जबाबदार माणसाकडून वसूल करा आणि त्याच्या सेवापुस्तकात तशी नोंद घ्या, सहीसकट.

तोवर हे पत्र वाचणाऱ्यांपैकी जे अजून नोकरीत असतील त्यांनी या महिन्यातच सेवापुस्तक पाहायला मागावे, प्रत्येक नोंदीखालची सही तपासावी आणि सगळ्या पानांची छायाप्रत घरी ठेवावी. सही करणारा अधिकारी जिवंत आहे तोवर सही मिळते. आणि जे निवृत्त झाले असतील त्यांनी अर्जात नुसती पेन्शन मागू नये. नियमाचा क्रमांक लिहून व्याजही मागावे, आणि पोच घ्यायला विसरू नये.

आपला,
एक सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक,
राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी