फुटेज कोणी खाल्लं?

कांदा महागला की सरकारं पडतात, असा आपला जुना अनुभव. मेमरी कार्ड महागल्यानं अजून तरी कुणाची खुर्ची हललेली नाही. हलली असेल तर आमच्या सोसायटीच्या खजिनदारांची, आणि तीही प्लास्टिकची असल्यामुळे.

सोसायटीत पाच कॅमेरे आहेत. फाटकावर, पार्किंगमध्ये, लिफ्टपाशी, गच्चीवरच्या टाकीजवळ. आणि पाचवा अध्यक्षांच्या कुंड्यांवर. (तिथली शेवंतीची फुलं पहाटे देवपूजेसाठी परस्पर जातात. हा सुरक्षेचा प्रश्न आहे.) डीव्हीआर, हार्ड डिस्क अशी रीतसर यंत्रणा बसवायची होती, पण केबल कुणाच्या भिंतीवरून न्यायची यावर दोन वार्षिक सभा खर्ची पडल्या. शेवटी वायफायवर चालणारे, पोटात कार्ड घालायचे कॅमेरे आले. तेव्हा दुकानदारानं सोबतची कार्डं भाजीवर कोथिंबीर टाकावी तशी टाकली होती. आता ती एकेक करून माना टाकू लागली आहेत. कार्ड मरतं ते आवाज न करता. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत राहतो, मोबाइलवर समोरचं चित्र झकास दिसत राहतं, साठवण तेवढी बंद पडलेली असते. हे कळतं केव्हा, तर तिसऱ्या मजल्यावरची सायकल गेल्यावर.

तेव्हा नवी कार्डं आणायला खजिनदारांबरोबर तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात विजेवर चालणारी कुठलीही वस्तू या गल्लीत मिळते आणि कुठल्याही वस्तूचा भाव पलीकडच्या दुकानात कमी असतो.

“एकशे अठ्ठावीसचं काय?” खजिनदारांनी विचारलं.

“सकाळचा सांगू की आत्ताचा?”

खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. व्याजाचा दरसुद्धा दिवसातून दोनदा बदलताना त्यांनी पाहिलेला नाही. ते म्हणाले, “कोटेशन लिहून द्या, कमिटीपुढे ठेवायचंय.”

“देतो की. आजच्यापुरतं. सातला शटर पडलं की ते कोटेशन रद्दीत.”

तीन कोटेशनं मागवायची, ती सभेपुढे ठेवायची, त्यातलं सगळ्यात स्वस्त निवडायचं आणि मग सगळ्यांनी मिळून त्याला नावं ठेवायची, ही आमची पद्धत. ती घालून देणाऱ्या पूर्वजांनी भाव निदान सभेपर्यंत तरी टिकेल असं गृहीत धरलं होतं.

महाग का झालं, असं विचारल्यावर दुकानदारानं बोट वर केलं आणि म्हणाला, “एआय.” पूर्वी याच बोटानं ‘वरूनच भाव वाढलाय’ असं सांगत.

खोटं नाही ते. फ्लॅश मेमरी बनवणाऱ्या कंपन्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या: सॅमसंग, एसके हायनिक्स, कियोक्सिया, सॅनडिस्क, मायक्रॉन आणि आणखी एखाद-दुसरी. २०२३ च्या सुमारास माल पडून राहिला, भाव कोसळले, तेव्हा त्यांनी उत्पादनाला कात्री लावली. मग एआयची डेटा सेंटरं उभी राहिली आणि ती माल गोदामाच्या हिशेबानं उचलू लागली. असं गिऱ्हाईक दारात उभं असताना पाच कार्डं मागणाऱ्या निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे कोण बघतो? मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर करून टाकलं. कुणीतरी कुठेतरी बसून यंत्राला सांगणार, ‘माझ्या बॉसला आवडेल अशी रजेची चिठ्ठी लिही’, त्या यंत्राची स्मरणशक्ती वाढणार आणि आमच्या फाटकाची जाणार.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं निदान वेगळं आहे. त्यांच्या मते चूक तळेगावला झाली. वेदान्त-फॉक्सकॉनचा कारखाना तिथे येणार होता, तो २०२२ मध्ये गुजरातेत गेला आणि २०२३ च्या जुलैत फॉक्सकॉननं त्यातूनही अंग काढून घेतलं. “आपल्याकडे राहिला असता तर आज कार्डं चाकणच्या बटाट्यासारखी मिळाली असती,” असं काका लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात. त्या कारखान्यात मेमरी चिप होणार नव्हत्याच, हे त्यांना कुणी सांगत नाही. लिफ्ट चारच मजल्यांची आहे.

घ्यायचं कोणतं, हा त्यापुढचा घोळ. कमिटीवर एक आयटीतले जावई आहेत. म्हणजे जावई सेक्रेटरींचे; कमिटीवर ते कसे आले हे विचारायचं नसतं. त्यांनी सांगितलं, “यू थ्री, व्ही थर्टी, ए टू, याच्याखाली काही घेऊच नका.” वेष्टनावरची ही सगळी अक्षरं वेगाची. व्ही थर्टी म्हणजे सेकंदाला निदान ३० एमबी लिहिणार. आमचा कॅमेरा फुल एचडी चित्र पाठवतो ते सेकंदाला २ मेगाबिटनं, म्हणजे पाव एमबी. साधं क्लास टेनचं कार्डसुद्धा सेकंदाला १० एमबी घेतं. वॉचमनची डुलकी टिपायला एवढा वेग कशाला लागतो, हे जावयांना विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. ते लगेच ‘फ्युचर प्रूफ’ म्हणतात.

खरी मेख टिकाऊपणाची. फोनमधल्या कार्डावर महिन्यातून चार फोटो आणि सतराशे साठ ‘शुभ सकाळ’ पडतात. कॅमेऱ्यातलं कार्ड मात्र अहोरात्र लिहीत असतं. पाव एमबीच्या हिशेबानं दिवसाला साधारण २२ जीबी. ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसांत भरतं, मग सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहितं, पुन्हा भरतं, पुन्हा पुसतं. चिपच्या एकेका कप्प्यानं किती वेळा लिहून-पुसून घ्यायचं याला मर्यादा असते. स्वस्त कार्डात एका कप्प्यात तीन-तीन, चार-चार बिट कोंबलेले असतात, मुंबईच्या खोलीत भाडेकरू कोंबावेत तसे नव्हे, त्याहून दाटीनं; त्यामुळे तिथे ही मर्यादा लवकर गाठली जाते. काही साध्या कार्डांच्या हमीपत्रात तर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की सतत चित्रीकरणाला वापरलंत तर हमी विसरा. म्हणून ‘एन्ड्युरन्स’ लिहिलेली वेगळी कार्डं मिळतात. त्यांच्यावर वेगाबरोबर तासही छापतात. सॅमसंगच्या १२८ जीबीच्या अशा कार्डाचा दावा ७०,०८० तासांचा. खजिनदारांनी दुकानातच पावतीच्या पाठीवर भागाकार केला. बरोबर आठ वर्षं.

“आणि कमिटीची मुदत?” मी विचारलं.

“पाच.”

कार्ड आपल्यापेक्षा जास्त टिकणार, ही गोष्ट पुढे अध्यक्षांच्या मनाला फार लागली.

दरम्यान काकांनी परस्पर एक कार्ड मागवलं. एक टीबीचं, पाचशे रुपयांत, आणि वर एक चार्जिंग केबल मोफत. कॅमेऱ्यात घातल्यावर ॲपनं एक टीबी दाखवलंसुद्धा. अशा कार्डाच्या आत असतात तीस-बत्तीस जीबी. कंट्रोलरला पढवून ठेवलेलं असतं, की कुणी विचारलं तर हजार सांग. जागा संपल्यावरही तो ‘लिहिलं, लिहिलं’ म्हणत राहतो आणि सगळं हवेत सोडतो. कार्ड भरून तपासणारी एफ थ्री, एचटूटेस्टडब्ल्यू अशी फुकटची साधनं आहेत, त्यांनी पितळ उघडं पडतं. पण काका म्हणाले, “दिसतंय ना एक टीबी? मग झालं.” त्यांनी आयुष्यभर जाहीरनामे वाचून मतदान केलं आहे.

आता या सगळ्या खटाटोपातून साठतं काय, ते बघण्याचा योग आला. सायकलप्रकरणी चोर कुठल्या दिशेनं आला असेल, म्हणून जिवंत असलेल्या एका कार्डाची एक संपूर्ण रात्र आम्ही खजिनदारांच्या दिवाणखान्यात बसून पाहिली. पार्किंगमधला कॅमेरा. रात्री कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्यांच्याकडे चिलटं येतात, चिलटांसाठी कोळी येतो. त्यानं नेमकं भिंगासमोर जाळं विणलं होतं. इतक्या जवळून, त्या दिव्यांत, कोळी पांढराशुभ्र आणि डायनासोरएवढा दिसतो. तो हलला की कॅमेऱ्याला ‘माणूस आढळला’. जाळं वाऱ्यानं थरथरलं की ‘हालचाल आढळली’. मधूनच त्याच्या पायांतून मागचं चित्र डोकावायचं. तेवढ्यात एक मांजर बॉनेटवर चढलं, तेही आढळलं. पहाटे पेपरवाला आला तेव्हा कोळी चिलट गुंडाळत होता, त्यामुळे पेपरवाला आढळला नाही. खजिनदारांच्या सौ. चहा घेऊन आल्या, जरा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढ्यासाठी वर्गणी काढताय? दोन रुपयांच्या झाडूनं होईल.”

हालचालीपुरतंच चित्रीकरण ठेवलं तर कार्ड जास्त दिवस पुरतं, हे खरंच. पण त्यासाठी आधी भिंग पुसायला हवं, आणि शिडी कुणी धरायची याचा ठराव झालेला नाही.

वार्षिक सभेला कोरम नव्हता. सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं, त्याच जागी, त्याच माणसांत, कोरमची गरज न उरता पुन्हा भरली. विषय: किती दिवसांचं फुटेज ठेवायचं.

तळमजल्यावरच्या वकीलबाईंनी सांगितलं, की पोलीस ठाण्यांतलं चित्रीकरण १८ महिने ठेवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. सभेत हशा पिकला. ठाण्यात ज्या दिवशी गरज लागते त्याच दिवशी कॅमेरा दुरुस्तीला गेलेला असतो, हे सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, “एवढं लांब कशाला जायचं? निवडणूक आयोगाकडे बघा.” त्यांनी मोबाइलवरून वाचूनच दाखवलं: ३० मे २०२५ चं पत्र, निकालानंतर ४५ दिवसांत निवडणूक याचिका आली नाही तर मतदान-मतमोजणीचं चित्रीकरण नष्ट करता येईल. “एवढ्या मोठ्या लोकशाहीला ४५ दिवस पुरतात. आपली सोसायटी २४ फ्लॅटची.” त्रैराशिक मांडायला कुणी पुढे आलं नाही, पण उत्तर कुठे जातंय हे सगळ्यांना कळलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतले एक सभासद उठले. त्यांच्या गाडीचा डावा दरवाजा कुणीतरी घासला होता, रविवारी रात्री, पार्किंगमध्ये. फुटेज पाहायचं होतं. अध्यक्षांच्या चिरंजीवांनी नवी गाडी गेल्या आठवड्यात घेतली आहे आणि तिच्या उजव्या कोपऱ्याला पांढरा रंग लागला आहे, हे त्यांनी म्हटलं नाही. ते म्हणण्याची गरजही नव्हती. सगळे एकदम पंख्याकडे बघू लागले.

अध्यक्ष फार शांतपणे बोलले. मेमरीचे भाव जागतिक आहेत. सभासदांच्या पैशाची उधळपट्टी करणं आपल्या तत्त्वात बसत नाही. आठ वर्षं टिकणारी कार्डं घेऊन पुढच्या कमिटीचे हात बांधून ठेवणं लोकशाहीला धरून नाही. तेव्हा १२८ नको, ६४ ची घ्यावीत. आणि फुटेज कुणीही उठून मागेल असं नको, शिस्त हवी.

ठराव झाला तो असा. फुटेज पाहू इच्छिणाऱ्या सभासदानं कारणासह लेखी अर्ज करावा. अर्ज कमिटीच्या पुढच्या मासिक बैठकीत ठेवला जाईल. कमिटीनं मंजुरी दिल्यास १५ दिवसांच्या आत, सेक्रेटरींच्या सोयीनं, फुटेज दाखवलं जाईल. कार्डात तीन दिवसांचं मावतं, ही माहिती खजिनदारांनी इतिवृत्तात नोंदवायला सांगितली. सेक्रेटरींनी ती ‘संकीर्ण’ या सदराखाली घेतली आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. गाडीवाल्या सभासदानंही हात वर केला. पुढच्या महिन्यात त्यांना पार्किंगची जागा बदलून हवी आहे.