सूचना ऐका हो

रविवारच्या उपासनेत मंडळी सगळ्यात सावध कधी असते, तर सूचनांच्या वेळी. संदेश चालू असताना डुलक्या घेणारे काकाही तेव्हा ताठ बसतात. महिला संघाची प्रार्थना कुणाकडे, कुणाचं लग्न ठरलं, कबरस्तानाची साफसफाई कधी, सगळं तिथे कळतं. जे सूचनांत येत नाही ते आवारात, गाडीला किक मारण्याआधी कळतं. त्यात पहिला मान पाळकसाहेबांच्या बदलीचा. साहेबांच्या हातात पत्र पडायच्या आत नवे पाळक कोण, त्यांच्या पाळकबाई गातात का आणि सामान किती, याची चौकशी पुरी झालेली असते. दुसरा मान मिळकतीचा. त्या विषयात प्रत्येक जण वकील.

आपली मंडळी ज्या मोठ्या मंडळीत मोडते तिथे काय चाललंय, असं विचारा. सगळे पंख्याकडे बघू लागतील. तिची सर्वोच्च सभा, म्हणजे सिनड, दर तीन वर्षांनी भरते, पण तिचे प्रमुख, म्हणजे मॉडरेटर, कोण, हे सांगणारा आमच्याकडे विद्वान ठरतो.

वास्तविक आपलं घराणं फार मोठं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आणि आधीच एक झालेले काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन, अशा सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाली. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की कळत्या वयात, या जुन्या वादावर 'दोन्ही चालेल' असा तोडगा निघाला. मला तो भलताच आवडतो. एवढं सगळं झालं, तरी नगरकडचं स्थळ आलं की आजी आधी विचारणार, "अमेरिकन मिशनचे का अँग्लिकन एसपीजीचे?"

सोयरीक झाली की सासरची सुखदुःखंही आपली होतात. 2025 च्या ऑक्टोबरात आपल्या अँग्लिकन सासरी कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. सन 597 पासूनच्या त्या परंपरेत पहिल्यांदाच स्त्री. नायजेरियाच्या अँग्लिकन मंडळीने लगेच नापसंतीही कळवली. मी उत्साहाने ही बातमी आवारात सांगितली, तर एक ज्येष्ठ म्हणाले, "आपल्याला काय त्याचं? आपण अमेरिकन मिशनवाले." सीएनआय अँग्लिकन परिवारातही आहे आणि रिफॉर्म्ड परिवारातही, हे मी त्यांना समजावत होतो, तेवढ्यात त्यांचं लक्ष चहाकडे गेलं. आमच्या मावशी मात्र थांबल्या. त्या मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. मुलालीबाई आधी नर्स होत्या, इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारीही होत्या, हे ऐकल्यावर मावशी म्हणाल्या, "मग वॉर्ड नीट सांभाळेल ती." जगभरच्या अँग्लिकनांबद्दल इतकं नेमकं मत मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

बातमी पोचवायची रीत आपल्यात नव्हती, असंही नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' सुरू केलं. पुढे रेव्हरंड टिळकांनी त्याच्या मराठी भागाचं संपादन केलं. त्याच पत्राने 1855 मध्ये मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापला. ती ना मिशनच्या शाळेतली, ना मंडळीतली. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्याच्या शाळेतली मुलगी. त्या काळी मिशनच्या पत्राला पुण्याची मुलगी दिसली. आपल्याला, हातात मोबाइल असून, आपलीच सिनड दिसत नाही. याला अज्ञान म्हणवत नाही. हा शुद्ध आळस आहे.

सिनडच्या ठरावांत बदलीची चव नाही, हे मान्य. तरी तिच्या दिल्लीच्या मुख्यालयात काय ठरलं ते वर्षा-दोन वर्षांनी आपल्याच अंगणात येऊन उभं राहतं आणि मग आपण विचारतो, "हे कधी झालं?"

तेव्हा पाळकसाहेब, एक विनंती. सूचनांमध्ये दोन मिनिटं मोठ्या मंडळीच्या बातमीला द्या, साध्या मराठीत. फक्त ती बदलीच्या सूचनेआधी घ्या. नंतर कुणी ऐकणार नाही.