पौषातलं लग्न

बदलीने सोलापुरात आलो तेव्हा माझी संक्रांत पुण्याहून बांधून आणली होती: आईने दिलेला तिळाच्या वड्यांचा डबा आणि नवाकोरा काळा कुर्ता. काळं अंगात ऊब धरतं म्हणे. सोलापूरच्या उन्हाला ऊब कमी पडते, असं मात्र कोणी म्हटलेलं नाही.

घरमालकीण मावशी भोगीचं खेंगट आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी घेऊन आल्या. "येताव का ओ लग्नाला?"

"पौषात लग्न?" माझ्यातलं पंचांग जागं झालं.

"आमच्याकडं असतंय."

"मुलगा काय करतो?"

"तपश्चर्या."

नवरदेव बाराव्या शतकातला निघाला. शिवयोगी सिद्धरामेश्वर. एका कुंभारकन्येने त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला, तेव्हा महाराजांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. नकार द्यायची इतकी सभ्य रीत आम्हा पुणेकरांनाही साधलेली नाही. त्या लग्नाची आठवण म्हणजे ही गड्ड्याची यात्रा. घरच्या कार्यासारखी हळद-तेलाचीही सोय: नंदीध्वज मिरवत नेऊन 68 लिंगांना तेल लावायचं. त्याला म्हणतात यण्णीमज्जन. हा शब्द मला तीन प्रयत्नांत जमला. मावशींच्या मते तोही नाही.

अक्षता त्याच भोगीच्या दिवशी. मी कुर्ता चढवून, खिशात दोन वड्या टाकून निघालो. मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघालेल्या सातही नंदीध्वजांच्या काठ्या मंदिराच्या तळ्याकडे येत होत्या. दोन मजल्यांएवढी उंच काठी कमरेशी तोलून गडी चालतो, आणि बघणारे श्वास धरतात. इकडे मला बसमध्ये उभ्याने छत्री सावरत नाही. मानकरी, भक्त, कडेवरची पोरंसुद्धा पांढऱ्या बाराबंदीत. त्यात मी एकटा काळा, मांडवात शिरलेल्या कावळ्यासारखा, घामाने निथळत.

सम्मती कट्ट्यावर कानडीतून सम्मती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचली जाऊ लागली. शेजारच्या आजी ती मला समजावून सांगत होत्या; निम्मं मराठीत, निम्मं तेलुगूत. तेवढ्यात "दिड्डम! दिड्डम!" उठलं आणि हजारो हात वर गेले. मावशींनी दिलेले तांदूळ काढायला मीही खिशात हात घातला आणि जे हाताला लागलं ते सगळं उधळलं.

पुढच्या पागोट्यावर टप्कन काहीतरी आपटलं. गृहस्थ वळले. खांद्यावर घरंगळलेली वडी उचलून त्यांनी निरखली, तोंडात टाकली, सावकाश चावली.

"ओ काळा कुर्ता," ते म्हणाले, "अजून हाय का?"